दोन कासऱ्यांची सूट

कुठे बैलाचा जबडा उघडलेला दिसला की सेवेच्या शेवटच्या वर्षातली ती केस मला आजही आठवते.

धान निघून गेल्यावर सावलीजवळच्या एका गावात शंकरपट भरला होता. बैलजोड्यांच्या या शर्यतीला रीतसर परवानगी होती आणि बंदोबस्त माझ्या ठाण्याकडे. त्या गावचा एक जुना नियम होता. सहा दातांपर्यंतच्या कोवळ्या बैलांची जोडी दोन कासरे, म्हणजे बैलाच्या दोन दोरांच्या लांबीइतकी, पुढून सुटायची. आठही दात आलेले जाणते बैल मागच्या रेषेवरून. सूट मिळूनही कोवळे बहुतेकदा हरतात, हे मी कित्येक पटांत पाहिले होते. त्या दिवशी मात्र एका कोवळ्या जोडीने लागोपाठ तीन जाणत्या जोड्या मागे टाकल्या.

दुपारी एक म्हातारा धुरकरी माझ्याकडे आला. जन्मभर पटात जोड्या हाकलेला माणूस.

"साहेब, त्या जोडीतला डावा बैल कोवळा नाई जी."

"काऊन?"

"कोवळा बैल सुटल्याबरोबर जीव टाकते, मंग शेवटच्या झेंडीजवळ हापते. हा दम राखून राह्यला अन् झेंडी दिसल्यावर निघाला. हे शायनपन वयानं येते जी."

मी वैतागून म्हणालो, "भाऊ, मी माणसं सांभाळतो, बैल तुम्ही सांभाळा." दुसऱ्या दिवशी स्टेशन डायरी चाळताना स्वतःचीच लाज वाटली. मूल शहराच्या बाजूला, आमच्याच हद्दीत राहणाऱ्या एका बाईने तीन महिन्यांपूर्वी बैलचोरीची फिर्याद दिली होती. बैल पांढरा, पटातल्या त्या डाव्या बैलासारखाच; आठ दाती, पटाचा आणि नांगराचाही. नवरा गेल्यापासून ती एकटी शेती करत होती. एका बैलावर धानाच्या बांधीची चिखलणी होत नाही. पावसाच्या आत बैल मिळाला नाही तर शेत दुसऱ्याच्या हाती द्यावे लागेल, असे तिने जबाबात सांगितले होते.

मी जोडीच्या मालकाला बैलासह ठाण्यात बोलावले. ब्रह्मपुरीकडचा, पटाच्या मैदानात नाव असलेला गडी.

"घरच्या गाईचा गोऱ्हा आहे, साहेब. कडेचे दुधाचे दात आत्ताच पडले. नवे येऊन राह्यले."

जबडा उघडला. सहा दात, दोन्ही कडांना एकेक खाच. शिंगे तासून रंगवलेली, त्यामुळे त्यावरूनही वय कळेना. पशुवैद्यकांना शंका आली, पण खात्रीने लिहून द्यायला ते तयार नव्हते. बाईला ओळख पटवायला आणले. तिने नावाने हाक मारली, गोंजारले. बैलाने मानसुद्धा वर केली नाही. मालक फिसकन हसला. बाईचा चेहरा उतरला.

"याले लई मारलं असन, साहेब. असा नव्हता जी तो," एवढेच ती म्हणाली.

ते हसणे मला झोंबले. मी मालकाचा जबाब शब्दन् शब्द लिहून घेतला: नवे दात येत आहेत. मग म्हणालो, "ठीक. येऊ दे. आपण थांबू."

बैल मुद्देमाल म्हणून जप्त केला, न्यायालयाला कळवले आणि त्याला कोंडवाड्यात ठेवले. दर सोमवारी पशुवैद्यक, दोन पंच आणि मी जबडा उघडून पंचनामा करत असू. ठाण्यातली पोरे 'साहेब दातांचे डॉक्टर झाले' म्हणून मागे हसायची. बैल सोडा म्हणून वरून फोनही आले. मी सगळ्यांना एकच उत्तर दिले, "दात आला की सोडतो."

दोन महिने गेले. दात आला नाही. खाचेतली हिरडी टणक झाली आणि आता पशुवैद्यकांनी लिहून दिले: दात उपटले आहेत.

सगळे पंचनामे मी मालकापुढे ओळीने मांडले. "घरचा गोऱ्हा ना? मग कुठे आहे दात?"

त्याने एकेक पंचनामा उलटून पाहिला. मग म्हणाला, "जाणत्या बैलाले कोवळ्याची सूट भेटली, मंग त्याले कोण हरवते, साहेब?"

बाई बाजाराला गेलेली पाहून त्याने बैल गोठ्यातून सोडून नेला होता आणि पकडीने दात उपटले होते. नुसत्या कबुलीवर कोर्टात भागत नाही. पण त्यानेच पंचांसमोर आपल्या गोठ्यातून बैलाचा घुंगरांचा पट्टा काढून दिला. पट्ट्याला आतून बाईने स्वतःच्या लुगड्याचे काठ शिवले होते. त्याच लुगड्याचा उरलेला तुकडा तिच्या घरी निघाला. मृगाच्या आधी बैल तिच्या दावणीला लागला आणि त्या वर्षी चिखलणी तिनेच केली.

पुढच्या पटाला मी निवृत्त होऊन साध्या कपड्यांत गर्दीत उभा होतो. बाईने बैल आणला होता, हाकायला तोच म्हातारा धुरकरी. जोडीतला दुसरा बैल सहा दातीच होता. पटाच्या पंचाने चोरीतून परत आलेल्या बैलाचाही जबडा उघडला आणि म्हणाला, "सहाच दात आहेत, बाई. जोडी सुटीत बसते."

"नाई जी," बाई म्हणाली. "दात उपटले म्हणून वय कमी झालं का त्याचं? मांगूनच सोडा."

बैल मागच्या रेषेवरून सुटला. दम राखला, झेंडी दिसताच निघाला आणि मुंडीभर अंतराने हरला. तिने त्याच्या तोंडावर पाणी मारले आणि पाठ थोपटत राहिली.

चोर ओळखायला मला चिकाटी पुरली. ती तर नोकरीचाच भाग होती. पण हक्क नसलेली सूट समोरून मिळत असताना नको म्हणणारे माणूस मी सबंध सेवेत शोधत राहिलो असतो, तरी मला ठाण्यात भेटले नसते. ते मला निवृत्तीनंतर त्या मैदानात भेटले.