शब्द वाटेत आहे

"थांबा आजी, शब्द वाटेत आहे," असं म्हणून ती आपला तळहात माझ्या तोंडासमोर धरायची. मी निवृत्त शिक्षिका. कोणी अडखळलं की उत्तर सांगून मोकळी होणारी. मला गप्प करणारी अख्ख्या वेंगुर्ल्यात ही पहिलीच.

पक्षाघातानं आमच्या ह्यांची वाचा गेली तेव्हा ती आली. सोलापूरकडची मुलगी, वाचा-उपचाराच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. प्रात्यक्षिकासाठी इकडे खोली घेऊन एकटी राहायची. आठवड्यातून तीनदा येऊन ह्यांच्यापुढे चित्रांची कार्डं मांडायची.

एकदा मुलीचं चित्र निघालं. हे बराच वेळ झगडले. "चे...डू."

"चेंडू नाही, आजोबा," ती हळूच म्हणाली आणि वहीत फुली मारली.

तुम्ही इकडचे असाल तर हसला असाल. आमच्या मालवणीत चेडू म्हणजे मुलगीच. उत्तर बरोबर होतं. आणि एरवी सगळीकडे तोंड घालणारी मी गप्प बसले.

कारण सांगते. नवी नवरी होते तेव्हा डी.एड.चं वारं डोक्यात. शाळेत 'माका' म्हणणाऱ्या पोरांना बाकावर उभं करायची आणि घरी येऊन नवऱ्याला धरायची. "मला म्हणा, मला." बिचारे 'मला' म्हणू लागले, फक्त बोलणंच कमी केलं. मला वाटलं, माणूस सुधारला. एवढी हुशार होते मी.

माझ्यातल्या त्या शहाण्या बाईची अब्रू झाकायला मी तीन आठवडे फुल्या पडू दिल्या. शेवटी ती म्हणाली, "आमच्या मॅडमना कळवावं लागेल, सुधारणा नाही. बहुधा थांबवतील." तेव्हा कबूल केलं.

ती रागावली. "आजी, ते बरोबर सांगत होते आणि मी त्यांना चूक म्हणत होते?" मग वही पहिल्या पानापासून उघडली.

"झील?"

"मुलगा."

"नुस्तां?"

"मासे."

एकेक फुली खोडत गेली. "आता घरात मालवणीच. तुम्हीसुद्धा."

चाळीस वर्षांनी मी ह्यांना विचारलं, "तुमका चाय व्हयी?" घरात कोणी परकी बाई शिरावी तसे हे माझ्याकडे बघत राहिले.

पुढे एके दिवशी ती निघताना हे आपणहून म्हणाले, "चेडवा... जेवलंस?"

ती उंबऱ्याशीच बसली. इथं आल्यापासून तिला हे कोणी विचारलं नव्हतं. रोज चहा पाजणाऱ्या मीसुद्धा नाही.

मुदत संपली, ती गेली. हे त्यानंतर दीड वर्ष बोलले. मूठभर शब्द, पण सगळे आपले. गेल्या शिमग्यात गेले.

तिचा अजून फोनवर संदेश येतो: "आजोबा काय बोलतत?" मालवणी अगदी बिनचूक. मी अजून तिला कळवलेलं नाही.

सकाळी मासेवाली येते. घरात मालवणी ऐकू येते ती आता तेवढ्यापुरतीच. मला एकटीला दोन बांगडे पुरतात. तिचं तोलून, बांधून होतं. "जातंय गो बाये," म्हणत ती टोपली उचलते. मी टोपलीतला आणखी एक हातात घेते आणि विचारते, "ह्यो कधीचो?"