काकांची फुली

आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिणं म्हणजे परीक्षेतली उत्तरं, एवढंच मला ठाऊक. तरी नौपाड्यातल्या ज्या काकांकडे मी अभ्यासाला बसतो, त्यांच्यावर अजून कुणी काही लिहिलेलं नाही हे मला बरोबर वाटत नाही. कारण अख्ख्या ठाण्यात जर काही सरळ असेल, तर ते या काकांनी सरळ केलेलं आहे.

चित्रकलेचे मास्तर म्हणून ते निवृत्त झाले, पण नजर काही निवृत्त झाली नाही. कुणाकडे गेले की आधी भिंतीवरच्या फोटोचा कोपरा वर करतात आणि मगच "कसे आहात?" विचारतात. एकदा मी त्यांच्याबरोबर एका मयताच्या घरी गेलेलो. हार घातलेला फोटो त्यांनी इतक्यांदा हलवला, की घरचे रडायचे थांबून बघायला लागले. शेवटी गेलेल्याच्या भावानेच मान तिरकी करून सांगितलं, "डावीकडून जरा वर घ्या, मास्तर."

असल्या माणसाच्या हाती एअर रायफल, आणि वर तिला दुर्बीण! दुर्बिणीत एक बारीक फुली दिसते. छर्रा नेमका त्या फुलीवर लागावा म्हणून दुर्बिणीची दोन चाकं फिरवून जुळवायचं. वरचं चाक खाली-वरसाठी, बाजूचं डाव्या-उजव्यासाठी. लोक हे चहा यायच्या आत उरकतात. काकांचा तो संसार होता. माजिवड्याच्या रेंजवर ते एक छर्रा मारत, चाक जरासं फिरवत आणि बराच वेळ विचार करत. दसऱ्याला तिथे ज्येष्ठांची स्पर्धा असते. दरवर्षी काका तिथेही जुळवत बसायचे आणि वेळ संपून जायचा. शेजारी उभे राहणारे एक जाडे वकील विचारायचे, "काय मास्तर, पत्रिका जुळली की अजून गुण कमी पडतायत?"

"तुम्ही मारत राहा वकीलसाहेब. एखादा लागेलसुद्धा."

गेल्या वर्षी पत्रिका जुळली. स्पर्धेच्या चार दिवस आधी सगळे छर्रे एकाच भोकातून गेले. काकांनी रायफल पिशवीत घालून जाहीर केलं, "आता सराव नाही. थेट स्पर्धा." दसऱ्याला ऐटीत उभे राहिले, आणि पहिला छर्रा गेला शेजारी खेटून लावलेल्या वकीलसाहेबांच्या निशाणाच्या कागदावर. बाकीचेही तिकडेच. वकीलसाहेबांनी मोठ्या मनाने ते स्वतःचे म्हणून मोजायला सांगितले.

रिक्षात मी म्हटलं, "काका, दुर्बीण हलली असेल."

"दुर्बीण नाही रे. हात हलला. वय झालं."

रायफल माळ्यावर गेली. त्याहून वाईट म्हणजे घरातलं कॅलेंडर तिरकं लटकायला लागलं आणि काका त्याच्याखाली बसून निमूट चहा प्यायला लागले. मी ते मुद्दाम आणखी तिरकं करून पाहिलं. "राहू दे," म्हणाले. मला त्या रात्री अभ्यास सुचला नाही.

यंदा खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, काकूंनी पूजेसाठी घरातली अवजारं पाटावर मांडली. विळी, कात्री, काकांचे ब्रश. रायफल मला माळ्यावरून काढायला लावली. ओल्या फडक्याने नळी पुसली, मग दुर्बीण, मग ते वरचं चाक. गोल गोल, अगदी अडेपर्यंत. मग बाजूचं.

"काकू! हे काय करताय?"

"खाचांत धूळ बसते रे. देवापुढे मळकं ठेवायचं? दरवर्षी करते मी."

"गेल्या वर्षीपण?"

"म्हणजे काय? गेल्या वर्षी तर जास्तच घासून पुसली. ह्यांची स्पर्धा होती ना!"

दर दसऱ्याला काका का जुळवत बसायचे ते मला तेव्हा कळलं. समोर काकांच्या तोंडापुढचा पेपर हळूहळू खाली आला. आता शिमगा होणार म्हणून मी विळी जरा लांब सरकवली. काकूंचं कुंकवाचं बोट हवेतच राहिलं.

"अहो, ती फिरवायची नसतात का?"

काका पाटाशी येऊन बसले. चाकांकडे बघितलंसुद्धा नाही. "म्हणजे हात नव्हता हलला," एवढंच म्हणाले आणि उजवा हात पाटाच्या वर सरळ धरून बघत राहिले. काकूंना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी ब्रशांना लावतात तसं त्या हातालाही हळदकुंकू लावलं.

हात किंचित हलत होता. आता खरंच. मी पाहिलं, काकूंनीही पाहिलं. आम्ही दोघंही फुलांकडे वळलो. काका उठले आणि कुंकवाच्या हाताने त्यांनी कॅलेंडरचा डावा कोपरा वर केला.