बोहनीची नोट

कामतघरला आमच्या चाळीखाली खारबावची एक बाई भाजी घेऊन बसते. बोहनीची नोट बाकीचे कपाळाला लावतात, ती पदराखालच्या क्रॉसला लावते. काल मी भाजी घेत असताना शेजारच्या काकांनी ते पाहिलं.

"काय लपवतेस गं?"

तिने क्रॉस पदरावर काढला. "येशूचा हाय. गावातले काय करतील म्हनून झाकायची. रोज त्याला सांगायची, माझा भ्या काढ. आता न्हाय झाकायची."

काका माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्हाला माहीत होतं हे?"

"नाही," मी म्हटलं.

इथे भाड्याने आल्यापासून माझाही क्रॉस कुडत्याच्या आतच असतो. बोलता बोलता माझा हात ओढणी सारखी करायला गळ्याशी गेला. तिने ते पाहिलं, आणि मान तिनेच खाली घातली.