शेजारची खुर्ची

भुताचा सिनेमा समजून मी उस्मानपुऱ्यात कार्टूनचं तिकीट काढलं. पोस्टरवर चेटकीण होती, माझा काय दोष? आत पऱ्या गात होत्या. वैतागून शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर पिशवी ठेवली, तर पलीकडच्या बाई म्हणाल्या, "भाऊ, पिशवी उचला. पोरगी बसलीय तिथं. दवाखान्यात कबूल केलं व्हतं तिला, सिनेमा दाखवीन म्हणून."

मी पिशवी उचलली. माणूस उठलं की आपोआप मिटणारी ती खुर्ची उघडीच राहिली. प्रत्येक गाण्यानंतर बाई तिकडं वाकून विचारायच्या, "आवडलं का गं?"

सिनेमा संपला. बाई उठल्या. "चल, झालं आता."

खुर्ची खट्कन मिटली. वाट द्यायला मी पाय आखडून घेतले आणि बाई पुढं गेल्यावरही क्षणभर तसेच ठेवले.