उषाबाईंनी उसवलेला स्वेटर

उषाबाई ज्यांना भीत नसत अशा गोष्टी सगळ्या अंबडात दोनच होत्या, लोकर आणि विणायच्या सुया. बाकी सगळ्याला त्या भीत. पालीला भीत. पोस्टमनला भीत, कारण तार घेऊन तोच येतो. कुकरला तर इतक्या भीत की तिसरी शिटी होईपर्यंत अंगणात जाऊन उभ्या राहत आणि मग खिडकीतून हात घालून स्टोव्हची चावी सोडत. त्यांचे यजमान भुजंगराव अंबडच्या कोर्टात बेलीफ होते. कुणाच्या दाराला कुलूप घालून सील ठोक, कुणाची भांडी उचल, हे त्यांचं रोजचं काम. सगळा तालुका भुजंगरावांना भ्यायचा आणि भुजंगरावांची बायको कुकरला भ्यायची.

या सगळ्या भीतीवर उषाबाईंना एकच औषध लागू पडलं होतं. शेजारच्या प्रेमबाईंनी, म्हणजे कापड दुकानवाल्या मूलचंदशेठच्या बायकोनं, बहात्तर साली त्यांच्या हातात दोन सुया दिल्या आणि सुलट-उलट शिकवलं. टाके मोजायला लागलं की मनात भ्यायला जागाच राहत नाही, हा शोध उषाबाईंना तेव्हा लागला. अंबडला थंडी पडते वर्षातून जेमतेम महिनाभर, पण उषाबाई विणत बाराही महिने. देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला तीन जोड झाले, रेडिओला झगा झाला, आणि भुजंगरावांना सात स्वेटर. मार्च महिन्यात सगळं कोर्ट बुशशर्टातही घामानं निथळत असताना हा एक माणूस मरून रंगाचा स्वेटर घालून समन्स वाटत फिरे. न घालून सांगतो कुणाला? घरी डोळ्यांत पाणी उभं राहायचं.

अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीनंतर त्यांची लेक बेबीनंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सोडायला तिच्या सासूबाई सोनूबाई स्वतः कुंभार पिंपळगावाहून आल्या होत्या. सोनूबाई उंच, हाडापेरानं दणकट, आणि आवाज असा की पलीकडच्या शेतातले बैल वळावेत. चहाची कपबशी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "एक सांगून जाते इहीणबाई. बाळ येईपर्यंत त्याच्या नावाचं काहीबी घरात करायचं न्हाई. टोपरं न्हाई, झबलं न्हाई, पाळणा न्हाई. जुनी धडुती धुऊन ठेवा, बस. आमच्यात आधी केलेलं लाभत न्हाई."

"आमच्यातही नाही हो," उषाबाई म्हणाल्या. "मी कशाला करते?"

"तुमच्या हाताला चैन पडत न्हाई म्हणून सांगते."

उषाबाईंनी देवाशप्पथ घेतली, आणि ती त्यांनी नऊ दिवस पाळली.

दहाव्या दिवशी प्रेमबाई माहेराहून, राजस्थानातल्या नागौराहून, परत आल्या. येताना त्यांनी लिंबाच्या रंगाची लोकर आणली होती. ती इतकी मऊ होती की हातात आहे की नाही हे बघून ठरवावं लागे. "छोट्या बाळाची आहे. अंगाला जरासुद्धा टोचत नाही," प्रेमबाई म्हणाल्या. उषाबाईंनी लोकर ट्रंकेत टाकली. दुसऱ्या दिवशी नुसती बघायला काढली. तिसऱ्या दिवशी नमुना कसा दिसतो बघू म्हणून चौसष्ट टाके घातले. मग मनाशी म्हणाल्या, हे बाळकृष्णासाठी आहे. बाळकृष्ण चार बोटांचा आणि विणकाम वीतभर रुंद झालेलं, पण देवाला काय, ढगळ चालतं. अशा रीतीनं पुढचा भाग झाला, पाठ झाली, दोन बाह्या झाल्या, पांढरी गुंडी लागली, आणि एक दिवस तो स्वेटर पुरा होऊन मांडीवर येऊन बसला. तेव्हा मात्र उषाबाईंना शपथ आठवली. त्यांनी तो एका फडक्यात बांधला आणि ज्वारीच्या कोठीत अगदी तळाशी पुरला.

जानेवारीत, पौषातल्या कडाक्याच्या थंडीत, एका सकाळी सातला बेबीनंदाच्या पोटात दुखू लागलं. दिवस पुरे व्हायला अजून तीन आठवडे होते. गावातल्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात तिला नेलं. बारा वाजले तरी सुटका होईना. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "पहिलटकरीण आहे, वेळ लागतो. चारपर्यंत वाट बघू. नाहीतर जालन्याला न्यावं लागेल. जीप सांगून ठेवा."

जालना हा शब्द ऐकताच उषाबाई भिंतीला टेकून खालीच बसल्या.

तेवढ्यात सोनूबाई आल्या. निरोप मिळताच पहिली एसटी धरून निघाल्या होत्या. पायावरची धूळही न झटकता त्यांनी दवाखान्याचा ताबा घेतला. "पोरीचे केस सोडले का? मोकळे सोडा. अंगावर, घरात, कुठं गाठ ठेवायची न्हाई. गाठ असली की तिकडं बी अडतं. भाऊ, तुमच्या बुटाची नाडी."

भुजंगराव मुकाट्यानं खाली वाकले आणि बुटाच्या नाड्या सोडल्या.

"घरची कुलपं उघडून या. ट्रंका, कपाटं, समदी. अन् इहीणबाई, कुठं गाठ मारलेलं काही राह्यलं न्हाई ना?"

उषाबाईंच्या डोळ्यांपुढे ज्वारीची कोठी आली. चौसष्ट टाके, सत्तर ओळी. हे झालं पुढचं. तेवढंच पाठीचं. शिवाय दोन बाह्या, गळपट्टी. दहा हजार टाके झाले असतील. दहा हजार गाठी त्यांनी आपल्या हातानं लेकीच्या वाटेत मारून ठेवल्या होत्या. विणलेल्याला गाठ नसते, एक टोक ओढलं की सगळं सरळ सुटतं, हे उषाबाईंइतकं अंबडात कुणाला ठाऊक नव्हतं. पण त्या वेळी त्यांना ते कोण सांगणार?

"मीही जाते घरी," त्या कशाबशा म्हणाल्या.

घरी भुजंगराव कुलपं उघडत सुटले. जन्मभर लोकांच्या दारांना कुलपं घातलेला माणूस, आज त्याला आपल्याच घरातल्या किल्ल्या सापडेनात. डोळे पुन्हापुन्हा पुसावे लागत होते. तिकडे उषाबाई कोठीत खांद्यापर्यंत हात घालून ज्वारी उपसत होत्या. फडकं हाताला लागलं तशी त्यांनी ते पदराखाली घेतलं. भुजंगरावांनी ते पाहिलं आणि पुढचं कुलूप उघडायला घेतलं.

दवाखान्याच्या मागच्या अंगाला पाण्याची टाकी होती. तिच्या आडोशाला बसून उषाबाईंनी आधी बाजूची शिवण दातानं तोडली. मग बाही धरली. टोक सापडेना. सापडलं आणि त्यांनी ओढलं. टरर करून एक ओळ गेली, मग दुसरी. खिडकीतून बेबीनंदाचं कण्हणं आलं की त्या आणखी जोरानं ओढत. एक बाही संपली. दुसरी संपली. आतून आवाज थांबला की त्यांचा हातही थांबे, कारण कण्हण्यापेक्षा ती शांतता वाईट होती. पाठ निम्मी उसवली असताना त्यांच्या अंगावर सावली पडली.

सोनूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"हे काय?"

 लिंबूरंगी लोकर उषाबाईंच्या मांडीवर, पायांवर, चपलांत सगळीकडे सांडली होती. त्या म्हणाल्या, "माझ्या हातून झालं. नमुना म्हणून घातला होता. सोनूबाई, मला काय बोलायचं ते बोला, पण नंतर बोला. अजून पाठ राहिलीय."

 सोनूबाई खाली बसल्या, सुटलेली लोकर गोळा केली, टोक शोधलं आणि चार बोटांवर गुंडाळू लागल्या.

"ओढा तुम्ही. मी गुंडाळते. असं भसाभसा टाकलं तर गुंता होईल."

थोडा वेळ दोघी तेवढंच करत राहिल्या. एक ओढत होती, एक गुंडाळत होती. मग सोनूबाई खाली बघतच म्हणाल्या, "मी कुंची शिवल्ती. लाल खणाची. मोती लावल्ते कडंनं."

"धर्मराजची?" उषाबाईंनी विचारलं. धर्मराज म्हणजे सोनूबाईंचा लेक, बेबीनंदाचा नवरा.

"त्याच्या आधीच्याची." सोनूबाईंनी गोळा फिरवला. "ते राह्यलं न्हाई. लोकं म्हणले कुंचीनं गेलं. मंग मीबी तसंच म्हणाले. अठ्ठावीस वर्षं म्हणून राह्यले. ओढा, थांबू नका."

पुढच्या भागाच्या शेवटच्या ओळी उरल्या असतील, तेव्हा आत सगळं शांत झालं. उषाबाईंनी सोनूबाईंचा हात धरला. तो दगडासारखा गार होता. तेव्हा त्यांना कळलं की ही बाई आपल्याइतकीच भ्यायली आहे. मग आतून मांजराच्या पिल्लाएवढा बारीक आवाज आला. एकदा आला आणि थांबला. पुन्हा आला.

नर्सबाई दारात आल्या. "मुलगी आहे. बेबीताई बऱ्या आहेत. पण बाळ लहान आहे, अंगात ऊब धरत नाही. लोकरीचं काही आणलंय का?"

दोन्ही आज्या हातातल्या गोळ्याकडे बघत राहिल्या.

भुजंगरावांनी कुणी सांगायच्या आत अंगातला मरून रंगाचा स्वेटर काढून दिला. बाळाला त्यात गुंडाळलं. पण डोकं उघडंच होतं आणि डॉक्टरीणबाईंचं म्हणणं असं की लहान बाळाची सगळी ऊब डोक्यातूनच जाते. "घट्ट बसणारी टोपी बघा. बाजारातली हिला होणार नाही. डोकं मोसंबीएवढं आहे. उद्या सकाळपर्यंत ऊब टिकली तर मग काळजी नाही."

"इहीणबाई, घाला टाके," सोनूबाई म्हणाल्या.

उषाबाईंनी हात मागे घेतले. "माझ्या हातानं नको. आधीच एकदा... मला भीती वाटते हो."

"मला न्हाई वाटत का? बाळ यायच्या आधी करू नका म्हणले होते. आता आलंय. आता कशाची वाट बघून राह्यल्या?"

"आणि काही झालं तर?"

"झालं तर दोघी मिळून रडू. पण तिला उघड्या डोक्यानं ठेवणार हायत का तुम्ही?"

एवढं बोलून सोनूबाई आत गेल्या. खाटेवर बेबीनंदाच्या शेजारी बसल्या, चोळीची गाठ सोडून बाळाला आपल्या उघड्या छातीशी धरलं आणि वरून पदर, स्वेटर, घोंगडी असं सगळं ओढून घेतलं. मग तिथून त्यांचा आवाज सुरू झाला. "घातले का टाके?"

उषाबाईंच्या पिशवीत सुया असतच. त्यांनी बावन्न टाके घातले. उसवलेली लोकर वाकड्या केसांसारखी कुरळी झाली होती, सुईवर नीट बसेना. एरवी त्यांनी ती धुऊन, दोरीवर टांगून सरळ केल्याशिवाय हातात धरली नसती. सतरा वर्षांत त्यांचा टाका कधी पडला नव्हता. त्या दुपारी पहिल्या चार ओळींत तीन पडले. डोळ्यांत पाणी यायचं, टाके मोजता यायचे नाहीत, आणि मोजता आले नाहीत की भीती सगळी जागा व्यापायची.

"झालं का?"

"कान यायचेत अजून."

"कान राहू द्या. डोकं झाकलं म्हंजे झालं. जल्दी करा."

दिवेलागणीला टोपी झाली. एक बाजू लांब, एक आखूड, शेंड्याला भोक राहिलेलं, तेही घाईनं शिवलेलं. नर्सबाईंनी ती बाळाला घातली तर डाव्या डोळ्यावर आली. बेबीनंदा पडल्या पडल्या हसली आणि लगेच कळ येऊन गप्प झाली.

सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी बाळाच्या पोटाला हात लावला, तळव्याला लावला. "हात लावून बघा आजी," त्या उषाबाईंना म्हणाल्या.

उषाबाईंनी एक बोट पुढे केलं, मागे घेतलं. पुन्हा पुढे केलं आणि पोटाला टेकवलं. पोट भाकरीसारखं ऊन होतं. एवढ्या सकाळी कुणी बोट लावलं म्हणून पोरगी चिडली आणि मोठ्यानं रडली, तशा उषाबाई दचकून चार पावलं मागे सरकल्या.

सोनूबाई रात्रभर बसून आखडलेली पाठ सरळ करत होत्या. त्यांनी बाळाचे पाय चाचपले.

"पाय जरा गारच हायत. मोज्यांचं काय करून राह्यल्या तुम्ही?"

"करते की. जरा तोंड धुऊन येते."

"तोंड मंग धुवा," सोनूबाई म्हणाल्या आणि लोकरीचा गोळा उषाबाईंच्या हातात ठेवला.