चार ठिकाणी बसलेला नवरदेव

माझं लग्न ठरत होतं त्या आठवड्यात मी सोमवारपासून शनिवारपर्यंत एकाच वेळी चार ठिकाणी बसलेलो होतो. हे मी म्हणत नाही, यंत्र म्हणत होतं. आणि आपलं यंत्र खोटं बोलत नाही, असं मीच अख्ख्या जळगावात सांगत फिरत होतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघत होते, म्हणून मीही खताच्या दुकानाच्या माडीवर एक काढला. बाकीच्यांकडे रंगीत खिडक्या उघडणारी मशिनं होती. माझ्याकडे धड म्हणावं असं एकच मशीन, आणि कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसातून उचललेले पाच जुने टर्मिनल. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड. स्वतःचं डोकं नाही, सगळी अक्कल वायरीतून मोठ्या मशीनकडून यायची. (क्लासच्या मालकासारखंच, असं पुढं कुणीतरी म्हणालं. कोण, ते येईलच.) एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून मी त्या मशीनवर लिनक्स चढवलं. चढवताना इतका घाम फुटला, की एकदाचं चालू झाल्यावर त्याला हात लावायची माझी छाती होईना. बिघडलं तर परत चढवणार कोण? मी? छे!

माझे वडील, म्हणजे नाना, रावेरकडचे केळीवाले. वीज गेली की मशीन रुसायचं आणि वीज आल्यावर स्वतःचीच तपासणी करत तासभर बसायचं. ते पाहून नानांनी ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली आणि इन्व्हर्टरला जोडून दिली.

"नाना, ट्रॅक्टरचं काय?"

"ट्रॅक्टर ढकलता येते. तुह्या डबा ढकलून चालू होते का?"

मशीन रात्रंदिवस चालू राहू लागलं. पण विजेची नासाडी नानांना बघवत नसे. रोज संध्याकाळी सहाला ते माडी चढायचे आणि घरातले दिवे मालवावेत तसे एकेक करून सगळ्या पडद्यांची बटणं बंद करत जायचे. समोर कुणी टाइप करत असलं तरी! "चला, उठा. बाकीचं उद्या." पोरं अर्ध्या शब्दावरून उठायची, चपला घालायची, घरी जायची. दुसऱ्या दिवशी पडदा लावला की तोच अर्धा शब्द तसाच समोर. सगळे खूश. मीही खूश. पडदा काळा झाला म्हणजे क्लास सुटला, अशी माझीही प्रामाणिक समजूत होती.

आता इथं थोडं शास्त्र सांगणं भाग आहे. (मी सांगतोय, तेव्हा घाबरायचं कारण नाही.) तुम्ही नाव आणि पासवर्ड घातला की लिनक्स एक नोंद करतं: अमका आला, अमक्या पडद्यावर, अमक्या वेळेला. तुम्ही रीतसर "निघतो" म्हणालात, म्हणजे लॉगआउट केलंत, की ती नोंद खोडतं. न सांगता उठून गेलात तर यंत्राच्या लेखी तुम्ही बसलेलेच! पडद्याचं बटण बंद केल्याचं त्याला कळतसुद्धा नाही. आणि 'हू' अशी आज्ञा दिली की आत्ता कोणकोण बसलंय त्याची यादी ते दाखवतं. दुसरी गंमत म्हणजे मोठ्या मशीनच्या एकाच पडद्यावर दोन बटणं दाबून चार वेगळ्या खोल्या उघडता येतात आणि प्रत्येक खोली वेगळं नाव विचारते. त्या आठवड्यात सोमवारी संध्याकाळी एका पालकांवर छाप पाडायला मी चारही खोल्या उघडल्या, चारही ठिकाणी माझंच नाव घातलं. पालकांनी तोंडात बोट घातलं आणि पोराचं नाव शेजारच्या क्लासात घातलं.

अशात शिंदखेड्याचं स्थळ आलं. याआधीची माझी स्थळं "मुलगा नेमकं करतो काय?" या एकाच प्रश्नावर मोडलेली. नानांनी बजावून ठेवलं होतं, "हे बी मोडलं तर तू अन् तुह्ये डबे, दोघंबी केळीच्या बागेत! तू पानी सोडजो, डबे राखनीला ठेवू."

शनिवारी सकाळी पाहुणे थेट क्लासवरच आले. मुलीचे वडील आबा, कापूसवाले, पांढरी टोपी, कमी बोलणारे. मुलीचे मामा, भुसावळचे निवृत्त स्टेशनमास्तर, सगळ्यांच्या वाटचं बोलणारे. आणि खुद्द मुलगी, वैशाली! धुळ्याच्या कॉलेजात बी.एस्सी. झालेली, विद्यापीठात मार्कशीटचं काम होतं, म्हणून बरोबर आलेली. ती दाराजवळच्या बाकावर बसली आणि केळीच्या वेफर्सची बशी मांडीवर घेऊन शांतपणे खाऊ लागली.

"नेमकं करता काय आपण?" मामांनी विचारलंच.

"दाखवतोच!" मी समोरच्या टर्मिनलवर खास त्यांच्यासाठी काढलेल्या 'पाहुणे' या नावानं लॉगिन केलं. "मामा, हे मशीन म्हणजे आमचा पोलीसपाटील समजा. कोण आलं, कधी आलं, कुठं बसलंय, सगळं सांगतं. याला चकवता येत नाही!"

आणि मी 'हू' दिलं. हिरवी अक्षरं उमटली. आधी स्वतः वाचून मग दुसऱ्याला वाचून दाखवावं, एवढंही मला सुचलं नाही.

"हे बघा. पाहुणे, म्हणजे आपण, आत्ताचे. हा मी. हा पण मी. हा मीच. आणि हासुद्धा मी."

"चार ठिकाने?" आबा पहिल्यांदा बोलले.

"कामच तेवढं असतं, आबा."

मामांनी चष्मा सरसावला. "सोमवारपासून? मग घरी?"

"पोरगं मेहनतीच हाये!" नाना मधेच म्हणाले. (मी रोज दुपारी घरी जेवून घोरत असतो, हे नानांइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण स्थळ!)

"छान. आणि ही सुनीता कोण?"

मी वाकून पाहिलं. माझ्या चार नावांच्या खाली पाचवं नाव होतं. सुनीता, तिसरा पडदा, काल संध्याकाळी साडेपाच. (मॅचपायी त्या आठवड्यात दुसरं कुणी फिरकलंच नव्हतं.)

"विद्यार्थिनी आहे. टायपिंग शिकते."

"काल साडेपाचला आली. गेल्याची नोंद नाही. तुम्ही सोमवारपासून इथून हललेला नाहीत. म्हणजे काल रात्रभर या माडीवर..." मामांनी वाक्य पुरं केलं नाही. सिग्नलबाहेर गाडी उभी करावी तसं तिथंच उभं केलं.

"मामा, ती घरी गेली हो!"

"मग यंत्र का म्हणतंय बसलीय?"

"त्याला कळलं नाही."

"आत्ताच म्हणालात, याला चकवता येत नाही."

"नाही येत. पण कधीकधी..."

"कधीकधी काय? अहो, सिंगल लाइनवर आम्ही ड्रायव्हरच्या हाती लोखंडी गोळा देत होतो. तो पुढच्या स्टेशनात जमा होईपर्यंत गाडी सेक्शनातच, म्हणजे मधल्या रुळावरच, धरायची. मग रूळ मोकळे दिसोत, नाहीतर त्यावर बकऱ्या चरोत! गोळा जमा झाल्याशिवाय मी आयुष्यात दुसरी गाडी सोडली नाही. भाची तर मुळीच सोडणार नाही!"

माझी पंचाईत बघा. यंत्र खरं म्हणावं तर मी रात्रभर सुनीताबरोबर. यंत्र खोटं म्हणावं तर मी थापाड्या, आणि ज्याच्या जिवावर मला जावई करायचं तो धंदाच बोगस. दोन्ही वाटा केळीच्या बागेत जात होत्या.

"अहो, पडदे म्याच बंद करतो रोज सांजच्याला!" नाना माझ्या मदतीला धावले.

मामांनी सावकाश मान वळवली. "म्हणजे पोरांना आत ठेवून दिवे तुम्ही मालवता?"

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. वैशालीचा वेफर तोंडापाशी थांबला. आणि एवढ्यात, जणू हेच कमी होतं म्हणून, जिन्यावर चपला वाजल्या आणि दारात सुनीता उभी!

"सर, काल नानांनी मधेच अंधार केला आणि आपलं अर्धवटच राहिलं. आज पूर्ण करायचं ना?"

(पत्र टाइप करायचं राहिलं होतं. अर्ज, नोकरीचा. पण हे सांगायला मला सवडच मिळाली नाही.)

"पूर्ण करा, पूर्ण करा," मामा उठलेच. "चला आबा. गाडीची वेळ झाली."

"हाई काय शे, नाना?" आबांनी त्यांच्या अहिराणीत नुसतं एवढंच विचारलं. नानांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मला पाण्याचा पाट, केळीचे बुंधे आणि माझं उरलेलं आयुष्य स्वच्छ दिसलं.

"मामा, एक मिनिट." बाकावरून आवाज आला. वैशालीनं बशी खाली ठेवली, हात रुमालाला पुसले आणि मला म्हणाली, "हू नका देऊ. डब्ल्यू द्या."

"डब्ल्यू? आणि पुढं?"

"पुढं काही नाही. एकच अक्षर. कॉलेजात होतं आम्हाला."

दोन वर्षं मी क्लास चालवत होतो. हे अक्षर कीबोर्डवर रोज दिसायचं. पण त्याची आज्ञा होते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! मी बाजूला झालो. तिनं ते अक्षर दाबलं. तीच यादी आली, पण नावांपुढं आणखी एक रकाना.

"मामा, यंत्राला माणूस दिसत नाही, बटणं कळतात. शेवटचं बटण दाबून किती वेळ झाला, ते इथं दिसतं. ही सुनीता. काल संध्याकाळी सहाच्या सुमारानंतर हिनं एकही बटण दाबलेलं नाही. रात्रभर बसली असती तर एकदा तरी बोट लागलं असतं."

"नानांनी पडदा बंद केला तीच वेळ!" मी ओरडलो.

"हं," मामा म्हणाले. "आणि हे?"

"हे..." वैशालीनं चारही ओळींवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग परत पडद्याकडे. "यांचे चार दिवस."

"चार दिवस काय?"

"चार दिवस यांनी मशीनला हातच लावलेला नाही. चारही ठिकाणी."

"म्हंजे रातले हाऊ आठे नही व्हता?" आबांनी खात्री करून घेतली.

"रात्री नव्हते, आबा," ती म्हणाली. "दिवसासुद्धा नव्हते."

खाली खताच्या दुकानातल्या टीव्हीवर क्रिकेटची कॉमेंटरी चालू होती, ती स्पष्ट वर आली. दुकानाचा मालकही नेमका त्याच क्षणी जिन्यातून ओरडला, "दिलीपभाऊ, आज येत नाही का? तुमची खुर्ची रोकून ठेवली शे!"

एका अक्षरानं माझं चारित्र्य वाचवलं होतं आणि कर्तृत्वाचा पंचनामा करून ठेवला होता.

पहिले हसले ते मामा. हसता हसता ठसका लागला. "म्हणजे गाडी सेक्शनात नव्हतीच! शेडमध्ये उभी होती! इंजिनसुद्धा थंड!" मग आबांच्या मिश्या हलल्या. नाना हसले नाहीत. ते पाण्याच्या पाळ्या मोजत असावेत.

पाहुणे जिन्यात गेले. आबांचा आवाज खालून वर आला, कारण त्यांना कुजबुजता येत नसे.

"पोरी, पोऱ्या चांगला शे. पन कामना नही. काय करानं?" (कामना म्हणजे कामाचा, इच्छा नव्हे.)

"आबा, चार दिवस हात न लावणारा माणूस निदान काही बिघडवत तरी नाही," वैशाली म्हणाली. "त्या टर्मिनलसारखाच आहे. डोकं नाही, पण वायर नीट जोडली तर चालेल."

वायर उन्हाळ्यात जोडली गेली. मामांनी अक्षता टाकताना कानात "लाइन क्लिअर" म्हटलं.

लग्नानंतर आठवड्यातच ती क्लासवर आली. पहिल्यांदा तिनं मला चारही खोल्यांतून बाहेर काढलं. मग नानांना खुर्चीत बसवून लॉगआउट करायला शिकवलं. (नाना आता पडदा बंद करण्याआधी पोरांना दरडावतात, "आधी त्याला सांग, निघालो म्हनून!") मग ती स्वतः खुर्चीत बसली, आणि मशीनवरचं माझं खातंच, नावासकट, बंद केलं. म्हणाली, उगीच जागा अडते. क्लास तेव्हापासून उत्तम चालतो.

मीही तिथंच असतो. सकाळी कुलूप मीच उघडतो, झाडू मारतो, चहा आणतो, बॅटरीत पाणी भरतो, संध्याकाळी कुलूप लावतो. कधी नाना माडीवर येऊन विचारतात, "दिल्या कुठी हाये?" वैशाली ते एक अक्षर दाबते, यादी बघते आणि मी चहाचा ट्रे घेऊन तिच्या शेजारी उभा असताना सांगते, "इथं नाहीत."

मी नसायचो तेव्हा यंत्र मला चार ठिकाणी दाखवायचं. आता दिवसभर तिथंच असतो, तर म्हणतं, या नावाचा माणूसच नाही. आणि यंत्र खोटं बोलत नाही, हे मी अख्ख्या जळगावात सांगून बसलोय!