नखाते साहेबांनी लिहिलेली शिफारस

नखाते साहेब गेल्याचं मला अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फोनवर सांगितलं तेव्हा मी अमेरिकेतल्या ऑफिसात धान्याच्या ट्रकांचं वेळापत्रक लावत बसले होते. सकाळी चहा घेतला, अंगणात खुर्चीवर बसले अन् गेले, एवढंच अण्णा म्हणाले. याला आता दीड महिना झाला. माजलगावकडचे लोक कौतुकानं म्हणतात, आपली पोरगी अमेरिकेत जाऊन एमबीए झाली, तिची जिद्द बघा. जिद्द होती, नाही म्हणत नाही. पण मी तिथं कशी पोचले हे खरं सांगायचं तर साहेबांचं सांगावं लागतं, आणि त्यात माझी फजितीही सांगावी लागते. सांगते.

साहेब आमच्या साखर कारखान्याचे शेतकी अधिकारी. कृषी अभियांत्रिकी करून मी त्यांच्या हाताखाली लागले. काम ऊसतोडीच्या यादीचं: ज्याच्या उसाची लागण आधी, त्याची तोड आधी. ऐकायला सोपं. पण हंगाम लांबला की उभा ऊस वाळतो, वजन घटतं, आणि जो तो आपला नंबर पुढं सरकवायला बघतो. पुढाऱ्यांचे फोन यायचे. साहेब सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि नुसतं "यादीत बघा" म्हणायचे. आवाज कधी चढवला नाही, आणि यादीतली ओळ कधी हलू दिली नाही. मी त्यांच्यावर जाम खूश होते. तरी दुसऱ्याच हंगामात मी माझ्या सख्ख्या मामाचा उसाचा फड यादीत आठ दिवस पुढं सरकवला. मामानं मागितलंही नव्हतं. मामी एकदा फोनवर रडली, तेवढं मला पुरलं. साहेबांनी दोन दिवसांत पकडलं. यादी माझ्याकडूनच परत जागेवर आणून घेतली, जे तिघं शेतकरी मागं ढकलले गेले होते त्यांची नावं कागदावर लिहून दिली आणि म्हणाले, तूच जाऊन सांग. गेले. एकानं चहा पाजला, एकानं दार लावून घेतलं, आणि तिसऱ्यानं शांतपणे विचारलं, "मामाचा ऊस जास्त गोड असतो का, बाई?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांनी नंतर तो विषय कधी काढला नाही.

पुढच्या वर्षी अमेरिकेचं खूळ डोक्यात शिरलं. प्रवेश परीक्षेत गुण बरे पडले, तेव्हा मी नामांकित बिझनेस स्कूलांची यादी केली आणि वरून खाली अर्ज भरत जायचं ठरवलं. साहेबांनी ती यादी बघितली आणि यातलं शेतकऱ्याचं गाव कंचं, एवढंच विचारलं. मी हसले. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. आठवडाभर शोधल्यावर अमेरिकेतल्या मका पिकवणाऱ्या पट्ट्यातलं एक विद्यापीठ सापडलं. तिथं शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था कशा चालवाव्यात यावर अख्खा विषय होता, आणि परदेशी मुलांसाठी एक शिष्यवृत्तीही होती. ती मिळाली तरच मी जाऊ शकणार होते. बाकीची नावं मी खोडून टाकली.

अर्जाला कामाच्या ठिकाणची शिफारस लागत होती. शिफारस म्हटल्यावर आपल्याकडं काय होतं ते सांगायला नको. अण्णा तीन दिवसांत तीन पुढाऱ्यांची पत्रं घेऊन आले. लेटरहेड, गोल शिक्का, जावक क्रमांक, सगळं जागच्या जागी. मजकूर तिन्हींत एकच: सदर मुलगी माझ्या चांगल्या परिचयाची असून होतकरू आहे, तरी तिला प्रवेश देऊन सहकार्य करावे. मी ती पाठवणारच होते, इतक्यात त्या विद्यापीठात शिकणाऱ्या एका मुलीनं व्हिडिओ कॉलवर विचारलं, यातल्या कुणी तुला काम करताना पाहिलंय का? पाहिलं होतं ते फक्त साहेबांनी. मग मी दुसरी चूक केली, तीही अस्सल आपल्याकडचीच. झकास इंग्रजीत पत्र मीच लिहिलं आणि सहीसाठी त्यांच्यापुढं ठेवलं. साहेबांनी ते वाचून चष्मा काढला. "सही माझी अन् लिवायचं तू, असं कावून? त्यांनी मला इचारलंय ना?"

आठ दिवस ते जेवणाच्या सुट्टीत डिक्शनरी घेऊन बसत. फॉर्ममध्ये एक प्रश्न होता: या उमेदवाराची चूक तुम्ही कधी दाखवून दिलीत, आणि त्यावर तिनं काय केलं? आता शिफारशीत कुणाचं वाईट लिहायची आपल्याकडं रीतच नाही. पण पत्र पाठवण्याआधी त्यांनी मला बोलावून घेतलं.

"मामाच्या फडाचं लिवलंय. तुला नको असंल तर दुसऱ्याचं नाव टाक, मला राग न्हाई. पर मी लिवलं तर हेच लिवीन."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. रागानं अंग नुसतं जळत होतं. एवढी एकच शिष्यवृत्ती, आणि हा माणूस जगाच्या दुसऱ्या टोकाला कळवायला निघालाय की मी यादीत लबाडी केली! अण्णा म्हणाले, कारखान्यातले दुसरे एक साहेब ओळखीचे आहेत, छान लिहून देतील. मला ते पटतही होतं. पण ते साहेब लिहिणार काय? त्यांना माझं वाईट माहीत नव्हतं तसं चांगलंही माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी नखाते साहेबांकडं गेले आणि पाठवा म्हणाले. फार मोठं धैर्य होतं अशातला भाग नाही.

मुलाखतीत समोरच्या बाईंनी पहिलंच विचारलं, ते तीन शेतकरी काय म्हणाले? मी मामाच्या उसाची गोडी सांगितली. त्या खळखळून हसल्या आणि मग सगळा वेळ यादीबद्दलच विचारत राहिल्या. प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीही मिळाली. पेढे द्यायला गेले तर साहेब म्हणाले, लई लांब चाललीस, पर जा, तिथंबी यादी असंलच. असतेच. माझा आजचा पगार तिच्यावरच चालतो.

परवा सुट्टी काढून आले ती आधी तेलगावला, त्यांच्या घरी. काकू ओट्यावर बसल्या होत्या. घराला लागून साहेबांचा दीड एकर ऊस उभा होता, तुरे आलेले, पाचट वाळून गेलेलं. शेजारचे दोन फड तोडून रिकामे झाले होते. मला काही राहवेना. साहेबांच्या जागी आता बसलाय तो माझ्याच बरोबरीचा, एका फोनचं काम. साहेबांच्या बायकोसाठी नाही करायचं तर कुणासाठी करायचं? मी फोन काढून त्याचं नाव शोधायला लागले. काकूंनी विचारलं, कुणाला लावतीस? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, कारखान्याची माणसं दहाव्याला आली तेव्हाच आधी तोडून देतो म्हणत होती, मीच नको म्हणलं.

"यादी त्यांनीच लावलेली हाय, बाई. नंबर येईल तवा येईल."

मी फोन पर्समध्ये टाकला. तीन वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, अमेरिकेची पदवी घेतली, आणि तरी माझा हात आधी फोनकडंच गेला... रडू आलं, ते मी लपवलं नाही. काकूंनी आतून यादीची झेरॉक्स आणून माझ्या हातात दिली. पंचेचाळिसावा नंबर, नखाते विठ्ठल. तोड झालेल्या नावांपुढं खुणा केलेल्या होत्या; त्यांच्या आधीचे एकोणीस फड अजून तोडायचे होते. मी ते दोनदा मोजले आणि कागद काकूंना परत दिला.